चेंबर नटाचे आटे गेले : स्प्रिंग, बुश की वरच्या मापाचा बोल्ट?

राजहंसगड

नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर, वडिलांच्या नावावरची, रोज येळ्ळूर ते मच्छे कामाला जाते. मागच्या आठवड्यात एका गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. तिथल्या पोरानं पान्याला पाइप लावून चेंबर नट (इंजिनाच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) आवळला, तेव्हाच जरा खटकलं होतं. आता डबल स्टँडखाली रोज सकाळी ऑइलचा डाग दिसतोय. आज सतराचा पाना लावून बघितलं तर नट नुसता गोल फिरतोय. घट्टही होत नाही, बाहेरही येत नाही.

दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, खालचं केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) बदला, म्हणजे इंजिन पूर्ण उतरवून उघडायचं. खर्चाचा आकडा ऐकून वडील गाडीच विकून टाक म्हणाले. इंजिन अजून एकदम गोड चालतंय, धूर नाही, आवाज नाही. एका बोल्टच्या भोकासाठी ते उघडणं मला पटत नाही. कुणी आटे दुरुस्त करून घेतले असतील तर काय केलं आणि ते टिकलं का, सविस्तर सांगा. बेळगाव शहरात किंवा उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत होणारं काम असेल तर बरंच.

घाटवाट

आधी एक ऐका. काम होईपर्यंत गाडी चालवू नका, मच्छेपर्यंतसुद्धा नाही. तो बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली असतो आणि मागचं चाक त्याच्याच रेषेत मागून येतं. नट सुटून पडला तर आत असलेलं सगळं ऑइल काही क्षणांत रस्त्यावर आणि मागच्या टायरवर. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडून चोर्ला घाट उतरताना एकाची गाडी अशीच गेलेली मी पाहिली आहे. पावसात ओला रस्ता आणि टायरला ऑइल, तिथे ब्रेक काही कामाचा नाही. माणूस वाचला हे नशीब.

रस्त्यावर पडला नाहीत तरी इंजिन जाम होण्याचा धोका आहेच. या गाड्यांना ऑइलचा दिवा नसतो. ऑइल संपलं हे पिस्टन धरल्यावरच कळतं, आणि मग मात्र इंजिन खरंच उघडावं लागतं.

शहापूर_गल्ली

मी बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. पहिल्यांदा नट बाहेर कसा काढायचा ते सांगतो, कारण तिथंच घाईत लोक केसिंग फोडतात.

गाडी डबल स्टँडवर घ्या, खाली टब ठेवा. बोल्टच्या डोक्यामागे वायसर असते, तिच्या आणि केसिंगच्या मध्ये पातळ पेचकसाचं टोक सरकवा. तरफ मारायची नाही, नुसती खाली ओढ द्यायची. एका हातानं ओढ आणि दुसऱ्या हातानं पाना उलटा. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या आट्यांत तो धरतो आणि हळूहळू उतरतो. छिन्नी-हातोडी त्या जागी आणायची नाही ओ. वायसर बसते तो केसिंगचा तोंडाचा भाग सपाट राहिला पाहिजे. त्यावर ओरखडा गेला तर पुढे कितीही चांगले आटे पाडा, थेंब येतोच.

बाहेर आला की बोल्ट नीट बघा. त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली दिसली तर केसिंगचे आटे उपटून आलेत. ती तार म्हणजेच तुमचे आटे. तार नाही, पण बोल्टचे स्वतःचे आटे वरून गुळगुळीत झालेत, असंही कधी कधी निघतं. तेव्हा आधी नवा बोल्ट हातानं लावून बघा. कंपनीचा नवा बोल्ट शेवटपर्यंत हातानं गेला आणि धरला तर तुमचं काम तिथंच संपलं.

आता आटे का जातात. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. दोघांची झुंज झाली की मऊ असेल तो हरणार. पण खरं कारण वायसर. ती पण ॲल्युमिनियमची, आणि दाबली जाण्यासाठीच केलेली असते. एकदा दाबली की तिचं काम झालं. बहुतेक ठिकाणी जुनीच परत घालतात. ती दाबून कडक झालेली असते, मग थेंब येतो. थेंब आला की पोरगं अजून आवळतं, पुढच्या वेळेला त्याहून जास्त. प्रत्येक वेळेला आटा थोडा ताणला जातो आणि एक दिवस सगळे एकदम येतात. ज्या पोराच्या हातात आले त्याचं नाव होतं, पण ताण कित्येक सर्व्हिसिंगचा असतो. एवढीशी वायसर, चहाच्या पैशात मिळते. ती दर वेळेला बदला म्हणून मी आयुष्यभर सांगत आलोय.

निपाणीकर७२

एवढं कशाला? नट साफ करून एम-सील लावा आणि बसवून टाका. माझ्या जुन्या गाडीला केलंय, अजून थेंब न्हाई. पुढच्या टायमाला ऑइल वरनंच ओढून काढायचं. बाजारात हातपंप मिळतो, नळी घालायची आणि खेचायचं.

उद्यमबाग_टर्नर

निपाणीकर, तुमची गळती थांबली हे खरं मानतो. पण राजहंसगड, हा रस्ता धरू नका. एम-सीलचा गोळा ऑइल लागलेल्या ॲल्युमिनियमला नीट चिकटतच नाही. रोज इंजिन तापतं आणि निवतं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे मधला तो कडक थर कुठेतरी सुटतोच. कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि सुटला तर घाटवाट यांनी सांगितलं तेच होणार. वरून ऑइल ओढायचं म्हटलं तर नळी गिअरांच्या मध्ये अडकते. तळाचा गाळ, जो सगळ्यात आधी निघाला पाहिजे, तो तिथंच राहतो. चेंबर नट अगदी खाली दिलाय तो त्या गाळासाठीच.

मी लेथवर काम करतो. हे काम आमच्याकडे बऱ्याचदा येतं, म्हणून सगळे मार्ग सांगतो.

पहिला मार्ग बिनखर्चाचा. कधी कधी मूळ बोल्ट आखूड असतो आणि भोकात आतले दोन-तीन आटे कोरे राहिलेले असतात. वाकवलेली बारीक तार घालून भोक किती खोल आहे आणि बोल्ट किती जातो ते मोजा. आत चांगले आटे शिल्लक असतील तर तेवढाच लांब बोल्ट घेऊन काम भागतं. पण आत बोल्टचं टोक बाहेर डोकावता कामा नये. वर गिअर फिरत असतात.

दुसरा मार्ग म्हणजे वरच्या मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा हा बोल्ट १२ मिमीचा, दीडच्या आट्याचा, म्हणजे एका आट्यापासून दुसरा दीड मिमीवर. भोक १२.५ च्या ड्रिलनं मोठं करून १४ बाय १.५ चा टॅप मारायचा आणि १४ चा बोल्ट, १४ चीच वायसर. नीट सरळ मारला तर काम चांगलं होतं, टिकतंही. दोन गोष्टी मात्र बघायच्या. भोकाभोवती केसिंगला भरपूर मांस आहे का, आणि मोठी वायसर पूर्ण टेकेल एवढी सपाट जागा आहे का. शिवाय नव्या आट्यालाही तोच मऊ धातू. पुन्हा कुणी पाइप लावून आवळला तर हेही जाणार, आणि तेव्हा उरलेली जागा कमी असेल.

तिसरा मार्ग स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल. स्टेनलेसच्या चौकोनी तारेची गुंडाळी असते. तिच्यासाठी वेगळा टॅप लागतो, १२ बाय १.५ च्या स्प्रिंगचा टॅप बाहेरून जवळपास १४ भरतो. स्प्रिंग आत बसवली की आतलं माप पुन्हा मूळचं १२. कंपनीचाच बोल्ट, कंपनीचीच वायसर. आटे स्टेनलेसचे झाल्यामुळे मूळच्यापेक्षा मजबूत. स्पार्क प्लगला किंवा एकदाच लावून ठेवायच्या बोल्टला मला हे काम फार आवडतं. चेंबर नटाला दोन अडचणी आहेत. हा बोल्ट परत परत निघतो, आणि आट्यात घाण अडकली तर कधी कधी बोल्टबरोबर स्प्रिंगच खाली येते. दुसरी अडचण शेपटीची. स्प्रिंगच्या आतल्या टोकाला एक आडवं शेपूट असतं, ते बसवल्यावर मोडायचं असतं. इथं भोक आरपार आहे, मोडलेलं शेपूट सरळ इंजिनात पडतं. लोहचुंबकानं काढू म्हणाल तर ते स्टेनलेस, चुंबकाला धड लागत नाही. लांब नाकाच्या पक्कडीनं शेपूट धरूनच मोडावं लागतं आणि तिथं हात सराईत लागतो.

चौथा मार्ग मी करतो तो, कॉलरवाला बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे पाडलेली धातूची आखूड नळी. बाहेरून मोठा आटा, आतून १२ बाय १.५, खाली पातळ कॉलर. बाहेरचा आटा लोक १६ बाय १.५ ठेवतात. हिशोब करून बघा : १६ च्या त्या आट्याचा तळ १४.१६ ला येतो, आत १२ चा आटा, म्हणजे भिंत जेमतेम एक मिमी उरते. एवढी पातळ भिंत बसवतानाच पिळवटते. त्यापेक्षा बाहेरून १६ बाय १ चा बारीक आटा घेतला की तळ १४.७७ ला येतो आणि भिंत जवळपास १.४ मिमी मिळते. केसिंगमध्ये जागा असेल तर १८ बाय १.५, भिंत दोन मिमीच्या वर. १६ ला मी ईएन-८ जातीचं कणखर लोखंड घेतो. १८ ला पितळ चालतं, आणि पितळाचं तापल्यावरचं पसरणं ॲल्युमिनियमच्या जवळ जातं, गंजतही नाही.

कॉलर का ठेवायची तेही सांगतो. १८ चा बिनकॉलरचा बुश तोंडाला सपाट बसवला तर २० मिमीच्या वायसरला केसिंगवर टेकायला चारी बाजूंनी एकच मिमी उरतो. बुशच्या बाहेरच्या आट्यातून आलेलं ऑइल तिथून बाहेर. कॉलर असली की वायसर कॉलरवर पूर्ण बसते, आणि बुशचा बाहेरचा आटा व कॉलरची मागची बाजू लाल थ्रेडलॉकरनं (आटे घट्ट चिकटवणाऱ्या द्रवानं) बंद होते. बोल्ट कितीदा काढला तरी बुश हलत नाही. माझा कौल यालाच.

दुधाची_फेरी

चिकोडीकडून लिहितोय. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दुधाचे कॅन घेऊन जावं लागतं, गाडी एक दिवस उभी राहिली तर दुसऱ्याची गाडी मागावी लागते. माझ्या नटाला अजून धर आहे पण पाझरतोय. स्पेअरच्या दुकानात 'ओव्हरसाइज बोल्ट' म्हणून मिळतो, स्वतःच आटे पाडत जातो म्हणतात. तो घालून ऊस तुटेपर्यंत काढता येईल का? त्यानंतर गाडी चार दिवस ठेवायला मोकळा आहे.

उद्यमबाग_टर्नर

दादा, तुमची अडचण कळते. त्या बोल्टच्या टोकाला उभी खाच असते, ती ॲल्युमिनियम कापत जाते. कापलेला बुरा कुठं जातो हा प्रश्न आहे. थोडा खाचेत राहतो, बाकीचा वर इंजिनात. आणि तो बोल्ट हातानं पाना धरून घातला जातो, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत जिकडं झुकला तिकडंच वाट पाडतो. तिरका गेला की वायसर एका कडेलाच टेकते. मग पाझर थांबवायला लोक आवळतात, आणि तो कडक बोल्ट केसिंगला चीर पाडतो. चीर गेलेलं केसिंग माझ्याकडे आलं की मी काही करू शकत नाही.

तुमच्या नटाला धर आहे म्हणता, मग आधी नवी वायसर घालून बघा.

शहापूर_गल्ली

टर्नरसाहेबांना दुजोरा. दादा, ऑइल गरम असताना सोडा, बोल्ट आणि तोंड स्वच्छ पुसा, जुनी वायसर केसिंगला चिकटून राहिली नाही ना ते बोटानं चाचपून बघा. कित्येकदा जुनी तिथंच राहते आणि तिच्यावर दुसरी बसते, दोन वायसरा एकमेकींवर नीट दाबत नाहीत. नवी घाला, इंजिन निवल्यावर बेतानं आवळा. नवी नाहीच मिळाली आणि तांब्याची जुनी असेल तर ती गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या वायसरला हे करू नका, ती लाल होत नाही, सरळ वितळते.

एवढ्यानं पाझर थांबला तर ऊस तुटेपर्यंत निघेल. रोज निघण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघायची मात्र. थांबला नाही तर दुसऱ्याची गाडी मागा, कॅन भरलेली गाडी घेऊन धोका पत्करू नका.

घाटवाट

आर्गन वेल्डिंगबद्दल कुणी बोललं नाही. भोक भरून घ्यायचं आणि नवीन १२ चे आटे पाडायचे. उद्यमबागेत ॲल्युमिनियमचं आर्गन करणारे बरेच आहेत. हे सगळ्यात पक्कं नाही का?

उद्यमबाग_टर्नर

चीर गेली असेल किंवा भोकाभोवतीचा तुकडाच निघाला असेल तर आर्गनला पर्याय नाही. नुसत्या आट्यांसाठी मात्र मी पाठवत नाही. केसिंग दाबानं ओतलेलं असतं, त्याच्या अंगात हवेचे बारीक बुडबुडे असतात, आणि वर्षानुवर्षं ऑइल मुरलेलं असतं. ज्योत लागली की ते उकळून बाहेर येतं आणि भरलेला धातू स्पंजासारखा सच्छिद्र होतो. आटे पाडले तरी पाझर राहतो. शिवाय ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांच्या वर लागतात आणि खालचा धातू साडेसहाशेच्या आसपासच पाणी होतो, त्यामुळे तिथं उष्णता बरीच द्यावी लागते. वेल्डिंगजवळची जागा वाकली तर बेअरिंगच्या घरांची रेषा बिघडू शकते. नीट करायचं तर इंजिन उघडून, केसिंग धुऊन, तापवून करायला हवं. मग राजहंसगडचा मूळ मुद्दाच राहिला नाही, कारण त्यांना इंजिन उघडायचं नाही.

आणि गाडीवरच वेल्डिंग करायला कुणी तयार झाला तर आधी बॅटरी सोडवा. नव्या इंजेक्शनच्या गाडीत तर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा) जोडही काढा.

राजहंसगड

सगळ्यांचे आभार. शहापूर_गल्ली मामांनी सांगितल्यासारखं पेचकसाची ओढ देऊन नट काढला. बोल्टला चांदीची तार गुंडाळलेली, म्हणजे केसिंगचेच आटे गेले. नवा बोल्ट लावून बघितला, नुसता लोंबतोय. बुशच करायचा ठरवलं. टर्नर काका, काम करताना बुरा आत जाऊ नये म्हणून नेमकं काय करता? मला उभं राहून बघायचं आहे, म्हणून आधीच विचारतो.

उद्यमबाग_टर्नर

विचारलं हे बरं केलं. बुश कुणीही कातेल. काम बिघडतं ते या टप्प्यावर, म्हणून सविस्तर लिहितो. दुसरीकडे करून घेणाऱ्यांनीही हे बघून घ्यावं.

गाडी आणताना पेट्रोल टाकी जवळपास रिकामी ठेवा. बॅटरी काढून टाका, नाहीतर आडवी केल्यावर ॲसिड सांडतं. गाडी जुन्या टायरवर डाव्या किंवा उजव्या कुशीवर निजवायची, म्हणजे भोक समोर येतं आणि हात सरळ चालतो. खालून वर बघत टॅप मारला की तो तिरका जातोच.

ड्रिलला मशिनचा वेग देत नाही. केसिंगचं ॲल्युमिनियम मऊ आहे, ड्रिल एकदम ओढून घेतं आणि आतल्या गिअरला जाऊन लागतं. आधी भोक किती खोल आहे ते मोजून ड्रिलवर तेवढ्या मापाची नळी चढवतो, म्हणजे पुढे जाऊच शकत नाही. शक्य तिथं रीमर (भोक थोडं थोडं मोठं करायचं हत्यार) हातानं फिरवतो. १६ बाय १ ला १५ चं भोक, १८ बाय १.५ ला १६.५. टॅप सरळ राहावा म्हणून मी लोखंडाचा एक ठोकळा करून ठेवलाय, त्यात टॅपच्या मापाचं भोक. ठोकळा वायसरच्या तोंडावर दाबून धरायचा आणि त्यातून टॅप घालायचा. वायसरचं तोंड आणि आटा यांचा काटकोन आपोआप मिळतो. आटे बनवणं सोपं आहे, हा काटकोन मिळवणं हेच खरं काम.

बुऱ्यासाठी टॅपच्या खाचा ग्रीसनं भरायच्या. बुरा ग्रीसमध्ये रुतून बसतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. एकदम आरपार मारायचा मोह टाळायचा. वेळ लागतो, लागू दे. घाई करणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका.

मग गाडी उभी करायची, भोक उघडंच ठेवून वरून स्वस्तातलं ऑइल हळूहळू ओतायचं आणि खाली पांढऱ्या कापडावर घ्यायचं. कापडावर चमक दिसायची थांबेपर्यंत ओतत राहायचं. डिझेल टाकून इंजिन फिरवायचं असलं काही करायचं नाही, बेअरिंगला वंगण उरत नाही. चुंबकाचा नट लावू म्हणणारे भेटतात, पण ॲल्युमिनियमचा बुरा चुंबकाला लागत नाही, तो फक्त लोखंडाचा चुरा धरतो.

स्प्लेंडरला उजव्या कव्हराच्या आत ऑइलची जाळी असते आणि क्रँकवर फिरणारा गोल फिल्टर. तेवढं कव्हर उघडून दोन्ही साफ करून घेतलं तर मन निश्चिंत होतं. त्याचं पॅकिंग नवं घालायचं. हे काम तुमच्या गॅरेजवाल्याकडूनही होईल.

शेवटी बुश. भोक आणि बुश दोन्ही थिनरनं धुऊन कोरडे करायचे, ऑइलचा अंशही राहिला तर थ्रेडलॉकर धरत नाही. लाल थ्रेडलॉकर लावून कॉलर टेकेपर्यंत बुश बसवायचा. बुशची लांबी केसिंगपेक्षा किंचित कमी, आत डोकावता कामा नये. आत कड उभी राहिली तर तिच्या मागे थोडं ऑइल आणि गाळ कायम अडकतो. थ्रेडलॉकरला पूर्ण धरायला एक दिवस द्या. त्यानंतरच बोल्ट आवळायचा आणि ऑइल भरायचं. हे थ्रेडलॉकर साधारण १५० अंशांपर्यंत धरतं, ऑइलची उष्णता त्याच्या खालीच असते.

निपाणीकर७२

टर्नरसाहेब, माझी पण गाडी घेऊन येतो मग. आम्हाला कोल्हापूर जवळ, शिरोलीत पण असली कामं होतात, पण एवढं खुलासेवार कुणी सांगितलं नव्हतं. एम-सील निघंल न्हवं आधी?

उद्यमबाग_टर्नर

निघेल. तो भाग तसाही ड्रिलमध्ये कापूनच जातो. फक्त बोल्ट जोर लावून उपटायचा प्रयत्न तुम्ही करू नका, हीटगननं तापवून काढू.

शहापूर_गल्ली

दुरुस्ती झाली की आवळायचं कसं हेही लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी हाच प्रश्न परत. आमच्याकडे एक कन्नड मिस्त्री होते. पोरानं नट आवळायला घेतला की जवळ उभे राहायचे आणि वायसर दाबली गेल्याचं हाताला कळलं की 'साकु' म्हणून पाना काढून घ्यायचे. त्यांच्या हातून एकही चेंबर गेलं नाही.

उद्यमबाग_टर्नर

तो अंदाज आकड्यात सांगतो. १२ मिमीच्या चेंबर बोल्टला शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, नेमका आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलात बघावा. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीचा रिंग पाना घ्या. त्याच्या टोकाला १५ किलोचा जोर दिला की ३० न्यूटन-मीटर झाले. मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. आता त्याच पान्याला पाइप लावून लांबी ६० सेंटिमीटर केली की तोच १५ किलोचा जोर ९० न्यूटन-मीटर होतो. आवळणाऱ्याला हाताला काहीच जास्त जाणवत नाही, आणि आटे तिप्पट ताणले जातात. म्हणून चेंबर नटाला पाइप लावणाऱ्या माणसाचा हात तिथल्या तिथं धरा, संकोच करू नका. गाडी तुमची आहे.

टॉर्क पाना असेल तर उत्तम. आट्यांना ऑइल लागलेलं असतं, तेव्हा आकड्याच्या खालच्या बाजूला राहायचं.

राजहंसगड

काम झालं. १८ चा पितळी बुश बसला, केसिंगला जागा पुरेशी निघाली. ऑइल ओतल्यावर पहिल्या कापडावर बारीक चमक आली, नंतरच्या कापडांवर आली नाही. जाळीत मात्र जुन्या गॅस्केटचे तुकडे आणि काळा चिखल सापडला. तो किती दिवसांचा होता कुणास ठाऊक. म्हणजे कव्हर उघडलं ते चांगलंच झालं. ऑइल १०डब्ल्यू३०च घातलं, नवी वायसर. गाडी रोज मच्छेला जातेय, स्टँडखालची फरशी कोरडी आहे. खर्च केसिंग बदलण्याच्या जवळपासही गेला नाही. वडिलांनी बुश हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि विकायचा विषय परत काढला नाही.

एक विचारायचं राहिलं. पुढचं ऑइल नेहमीच्या किलोमीटरला बदलू का?

उद्यमबाग_टर्नर

नको, हे पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरलाच काढा. कुठं कोपऱ्यात बुऱ्याचा कण राहिला असेल तर तो यात येईल. पांढऱ्या कापडातून गाळून बघा. नंतर नेहमीसारखं.

चंदगडी

सीमेपलीकडून, शिनोळीजवळून. माझ्याकडे आरएक्स १०० आहे, तिचा गिअर ऑइलचा नट असाच फिरूलालाय. टू-स्ट्रोक आहे, मग हेच सगळं लागू पडतं का? बोल्टचं माप मला माहीत नाही, बुश आधी तयार करून ठेवता येईल का?

उद्यमबाग_टर्नर

पद्धत तीच. टू-स्ट्रोकमध्ये त्या ऑइलवर फक्त गिअर आणि क्लच चालतात, क्रँकला वेगळं वंगण मिळतं, त्यामुळे उरलेल्या कणाचा धोका तेवढा मोठा नाही. तरी बेअरिंगं तिथंही आहेत, धुणं टाळू नका.

माप असं घ्या. बोल्टच्या डोक्याजवळचे, न झिजलेले आटे व्हर्नियरमध्ये धरा, बाहेरचा व्यास मिळेल. १२ च्या बोल्टला ११.८-११.९ असं दिसतं, ते १२ च समजायचं. मग आट्यांच्या सहा टप्प्यांचं अंतर मोजा. ९ मिमी भरलं तर दीडचा आटा, साडेसात भरलं तर सव्वाचा. डोक्याखालची लांबी आणि वायसरचा बाहेरचा व्यासही लिहून पाठवा. बाहेरचा आटा १६ ठेवायचा की १८ ते मात्र केसिंग समोर बघितल्याशिवाय ठरवत नाही, म्हणून बुश आधी कातून ठेवणार नाही. गाडी सकाळी लवकर आणा, संध्याकाळपर्यंत बुश बसेल. रात्रभर आमच्याकडेच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑइल भरून घेऊन जा.